हवा सर्वांची, छाती ज्याची त्याची

कला शाखेच्या वार्षिकात फुप्फुसांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. फुप्फुसे हा जीवशास्त्राच्या वर्गातला विषय; आपण काव्य, इतिहास, अर्थशास्त्र वाचणारी माणसे. परंतु हवा किती दूषित आहे हे मोजणे शास्त्रज्ञांचे काम असले, तरी ती कोणाला अधिक बाधते आणि ज्याला बाधते त्याची समाजाने किती फिकीर करावी, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हे. तो न्यायाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपलाही आहे.

हवा सर्वांना सारखी मिळते, तेव्हा तिची बाधाही सर्वांना सारखीच होत असेल, असे आपण धरून चालतो. हा समज खोटा आहे. एकाच घरातून सकाळी आजोबा फिरायला निघतात, नातू शाळेला जातो आणि नात कॉलेजची वाट धरते. तिघेही एकाच रस्त्यावरची हवा घेतात, पण तिघांच्या छातीत तिचा हिशेब वेगवेगळा मांडला जातो. आपले नियम, आपली वेळापत्रके आणि आपली बेफिकिरी मात्र एका सरासरी, धट्ट्याकट्ट्या माणसाला समोर ठेवून बनलेली असतात. प्रस्तुत लेखाचा रोख या सरासरीवर आहे.

प्रथम थोडे शरीराविषयी. मूल जन्मते तेव्हा त्याचे हृदय पुरते घडलेले असते, फुप्फुसे मात्र घडायची असतात. जन्माच्या वेळी त्यांत साधारण २ ते ५ कोटी वायुकोश असतात. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत ते ३० ते ५० कोटींच्या घरात जातात. यांतले बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात आणि पुढे फुप्फुसांची वाढ ऐन तारुण्यापर्यंत चालू राहते. पूर्ण श्वास भरून जोराने सोडला तर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे फुप्फुसांच्या ताकदीचे एक माप मानतात. हे माप विशी-पंचविशीत शिगेला पोचते. त्यानंतर, तंबाखूला कधी न शिवलेल्या निरोगी माणसातही, ते दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने उतरत जाते. म्हणजे निसर्गाने प्रत्येकाला सुरुवातीची वीस-बावीस वर्षे पुंजी जमवायला दिली आहेत आणि पुढचे सारे आयुष्य ती पुंजी मोडून खायची आहे.

आता दूषित हवा या व्यवहारात कोठे हात घालते ते पाहा. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते. तान्ह्या मुलाचे श्वास मिनिटाला तीस ते साठ, तर प्रौढाचे बारा ते वीस. वजनाच्या मानाने पाहिले तर मूल मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट हवा आत ओढते, आणि हवेत जे काही असेल तेही त्याच प्रमाणात. शिवाय ते खेळते, धावते, तोंडाने श्वास घेते, त्यामुळे नाकाची गाळणी बाजूला राहते. त्याची उंची रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुराच्या नळीला जवळची. आणि त्याच्या श्वासनलिका मुळातच अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा सोळा पटींनी वाढतो, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. वडिलांच्या श्वासनलिकेला आलेली जी सूज नुसत्या खोकल्यावर निभावते, तीच तान्ह्या बाळाचा जीव घाबरा करते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या एका मोठ्या गटाचा पाठपुरावा केला गेला. कोळशाचा धूर जेथे अधिक, तेथील मुलांना छातीचे विकार अधिक वेळा होतात, हे त्यातून १९६६ साली डग्लस आणि वॉलर यांनी दाखवले. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील बारा गावांतल्या शाळकरी मुलांची फुप्फुसे १९९३ पासून वर्षानुवर्षे मोजली गेली. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत पाहिलेल्या मुलांविषयीचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षी फुप्फुसांची ताकद अपेक्षेच्या ८० टक्क्यांपेक्षाही कमी असणाऱ्यांचे प्रमाण स्वच्छ हवेच्या गावी १.६ टक्के होते, तर सूक्ष्म धूलिकणांनी सर्वाधिक भरलेल्या गावी ७.९ टक्के. ही मुले आजारी म्हणून दवाखान्यात आलेली नव्हती. ती शाळेत बसणारी, मैदानावर खेळणारी, तुमच्या-आमच्या घरच्यासारखी मुले होती. पण त्यांची पुंजी जमलीच कमी.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला गोष्ट वेगळी आहे. वयानुसार छातीचा पिंजरा कडक होतो, फुप्फुसांची लवचीकता ओसरते, वायुकोश सैल आणि मोठे होतात. श्वासनलिकांच्या आत बारीक केसाळ पेशींची जी रांग अखंड झाडलोट करते, तिचा वेग मंदावतो. खोकण्याची उबळ दुबळी होते, त्यामुळे आत गेलेले बाहेर पडत नाही. जोडीला हृदय थकलेले असते, आणि फुप्फुसांवर पडलेला भार शेवटी हृदयालाच वाहावा लागतो.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर ५ ते ९ तारखेपर्यंत कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे जे झाकण बसले, त्याची हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. त्या दिवसांत नेहमीपेक्षा सुमारे चार हजार माणसे अधिक मेली, असा अंदाज त्या वेळी केला गेला. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. मृतांत सर्वाधिक भरणा वृद्धांचा होता, आणि तान्ह्या मुलांच्या मृत्यूंतही मोठी वाढ झाली. धुके विरल्यानंतरही मृत्यू चालूच राहिले, तेव्हा सरकारी मंडळींनी त्याचे खापर इन्फ्लुएन्झाच्या साथीवर फोडले. ज्यांचे त्या वेळी वय वर्षाच्या आत होते आणि जे जगले, त्यांच्यात पुढे बालपणी दम्याचे प्रमाण अधिक आढळले, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. पाच दिवसांचे धुके, पण त्याचे व्याज वर्षानुवर्षे भरावे लागले.

येथे मला सर्वात विचार करायला लावणारा प्रयोग आठवतो. ओझोन हा वायू उंच आकाशात आपले रक्षण करतो. जमिनीलगत तो गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतो आणि श्वासनलिकांना जाळतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेक स्वयंसेवकांना बंद खोलीत ठराविक प्रमाणात ओझोन असलेली हवा देऊन व्यायाम करायला लावले आणि आधी व नंतर त्यांची फुप्फुसे मोजली. वृद्धांची ताकद सर्वात जास्त घसरेल, असे कोणालाही वाटेल. घडले उलटे. विशीतल्या तरुणांची ताकद सर्वात जास्त घसरली, त्यांना खोकला आला, छातीत दुखले. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांची ताकद फारशी हलली नाही आणि त्यांनी तक्रारही फारशी केली नाही. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांची गंमत आणखी निराळी. त्यांची ताकद मोठ्यांइतकीच घसरली, पण त्रास होतो असे ती म्हणाली नाहीत.

मग वृद्ध सुरक्षित आणि मुले सहनशील, असे समजायचे का? मुळीच नव्हे. तरुणाची ताकद जी घसरते ती पुष्कळशी श्वासनलिकांतल्या मज्जातंतूंनी दिलेल्या इशाऱ्यामुळे: 'खोल श्वास घेऊ नकोस, हवेत काही वाईट आहे.' वय वाढते तसा हा इशारा बोथट होतो. आत होणारा दाह आणि हे माप यांचा मेळ बसतोच असे नाही. गावचा जागल्या म्हातारपणी झोपला म्हणून चोर आला नाही, असे कोणी म्हणत नाही. पासष्ट व त्यावरील वयाच्या सुमारे सहा कोटी अमेरिकन नागरिकांच्या नोंदी तपासून २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले की सूक्ष्म धूलिकण आणि ओझोन वाढले की वृद्धांचे मृत्यू वाढतात, तेही हवा सरकारी मर्यादेच्या आत असताना. आरडाओरडा तरुण करतो आणि मृत्यू मात्र मुकाट बसलेल्या म्हाताऱ्याच्या दाराशी येतो.

माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. ज्यांना हवा सर्वाधिक बाधते, ते दोघेही तक्रार करत नाहीत. मुलाला आपल्याला काय होते ते सांगता येत नाही. म्हाताऱ्याला ते जाणवत नाही, किंवा जाणवले तरी 'वयच झालं आता' म्हणून तो गप्प बसतो. जो समाज तक्रार आल्यावरच जागा होतो, तो या दोघांसाठी कधीच जागा होणार नाही.

आता नेहमीचे दोन आक्षेप घेऊ. पहिला असा की मुलांनी धुळीमातीत वाढावे, म्हणजे ती काटक होतात. मातीत खेळण्याला माझा विरोध नाही. तिथे गुडघे फुटतात आणि बरे होतात. परंतु डिझेलच्या किंवा जळणाऱ्या कचऱ्याच्या धुरातले कण म्हणजे अंगणातली माती नव्हे. जे कण सर्वाधिक घातक मानतात, ते डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट वायुकोशापर्यंत उतरतात. त्यांची सवय होत नाही. कॅलिफोर्नियातली दूषित गावची मुले आठ वर्षे तीच हवा घेत होती. ती काटक झाली नाहीत.

दुसरा आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही, पण तो पुष्कळांच्या मनात असतो: पिकले पान आज ना उद्या गळायचेच, हवेने ते चार दिवस आधी गळले इतकेच. हा युक्तिवाद शास्त्राच्याही कसोटीला उतरत नाही. दूषित हवेत दीर्घकाळ राहिल्याने आयुष्य काही दिवसांनी नव्हे, तर महिन्यांनी आणि वर्षांनी कमी होते, हे अनेक पाहण्यांतून सिद्ध झाले आहे. पण तसे नसते तरी तो मला मान्य झाला नसता. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. जी हवा आज पिकल्या पानाला नेते आणि ते आपण वयाच्या खात्यावर टाकतो, तीच हवा उद्या कोवळ्या पानालाही सोडत नाही. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूला वायुप्रदूषण कारणीभूत होते, असा निर्णय तेथील न्यायचौकशीत डिसेंबर २०२० मध्ये दिला गेला. एका मुलाच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे नाव कागदावर येण्यासाठी त्या धुक्यानंतर अडुसष्ट वर्षे जावी लागली.

'पण आम्ही तर तरुण आहोत, आमचे काय?' असे या अंकाचा वाचक विचारील. वाचकहो, तुमचेच सर्वाधिक आहे. अठरा ते बावीस हे वय म्हणजे पुंजी जमवण्याचा शेवटचा हप्ता. फुप्फुसे अडून दम लागण्याचा जो जुनाट विकार उतारवयात जडतो, तो झपाट्याने झिजणाऱ्या फुप्फुसांनाच होतो असे पूर्वी मानत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांची ताकद तारुण्यातच कमी होती. पुढची झीज त्यांना इतरांसारखीच झाली, पण मोडून खायला जवळ थोडेच होते. आज कॉलेजच्या फाटकाशी उभे राहून तुम्ही जी हवा घेता, तिचा हिशेब तुमच्या साठीनंतर निघणार आहे.

आपल्याकडे काय चालले आहे ते आता पाहू. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच लालबाग, चेंबूर आणि खार येथील रहिवाशांची तुलना केली होती. म्हणजे हा प्रश्न आपल्याला काल कळलेला नाही. वायुप्रदूषणाचा कायदा १९८१ साली झाला. त्यानंतर लालबागची गिरण्यांची धुराडी थंडावली, पण त्या जागी उठलेल्या इमारतींची धूळ आणि त्यांच्यापुढे खोळंबलेल्या गाड्या आल्या. सूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाने २००९ साली वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरवली; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ असावी असे सांगितले. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आपली मुले आणि म्हातारी माणसे श्वास घेतात. २०१४ साली आलेल्या हवेच्या निर्देशांकात १०१ ते २०० या पायरीला 'मध्यम' असे नाव आहे. याच पायरीला लहान मुलांना, वृद्धांना आणि दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो, असे त्याच तक्त्यात लिहिलेले आहे. आपण मात्र 'मध्यम' हा शब्द वाचतो आणि निश्चिंत होतो. भाषेच्या विद्यार्थ्यांनी या एका शब्दावर निबंध लिहावा.

सारा दोष सरकारवर टाकून मात्र भागणार नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकून बाळाला धुरी द्यायची आपली रीत आहे. तिच्यामागे माया आहे, ऊब देण्याची इच्छा आहे. पण ज्या जिवाच्या फुप्फुसांत प्रौढाच्या दहाव्या हिश्श्याइतकेच वायुकोश आहेत, त्याला जगात येताच धूर पाजणे यात शहाणपण कोणते? ऊब द्यावी, धूर देऊ नये. खेड्यांत पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर पेटणाऱ्या चुलीपाशी सर्वात जवळ कोण असते? स्वयंपाक करणारी आई, तिच्या मांडीवरचे मूल आणि फुंकणी घेऊन बसलेली आजी. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस पोचला ही मोठी गोष्ट. पण सिलिंडर परत भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. धूम्रपान न करताही फुप्फुसे निकामी झालेल्या स्त्रिया आपल्या खेड्यांत इतक्या का, याचे उत्तर त्या चुलीत आहे.

आणि दिवाळी? आवाजाचे फटाके धोक्याचे म्हणून लहानग्यांच्या हाती आपण नागगोळी देतो. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि विद्यापीठातील विद्यार्थी यांनी नेहमीच्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वाधिक सूक्ष्म कण या बिनआवाजाच्या नागगोळीतूनच निघाले, आणि ती पाहायला मुले अगदी वाकून बसतात. येथेही तेच: जे ओरडत नाही ते निरुपद्रवी, हा आपला भ्रम.

उपाय अगदीच हाताबाहेरचे नाहीत. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि धूर वर जात नाही. नेमक्या त्याच वेळी आजोबा फिरायला जातात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत शाळा-कॉलेजांच्या क्रीडास्पर्धा सकाळी भरतात. ऊन वर येईपर्यंत फिरणे आणि शर्यती पुढे ढकलायला पैसा लागत नाही. शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी राहणारी वाहने बंद करवणे, झाडलेला पालापाचोळा रस्त्याच्या कडेला पेटवू न देणे, नवी शाळा हमरस्त्यापासून दूर बांधणे, बंबासाठी आणि चुलीसाठी धूर बाहेर नेणारी वाट ठेवणे, या गोष्टी ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला जमण्यासारख्या आहेत. हवेची मर्यादा ठरवणाऱ्यांनी मात्र सरासरी माणूस विसरून तान्हे मूल आणि सत्तरीची म्हातारी यांना समोर बसवावे. ज्या हवेत ही दोघे सुखाने राहतील, तीत बाकीचे राहतीलच.

हे केल्याने खरोखर काही होते का? होते, आणि लवकर होते. अमेरिकेत युटा खोऱ्यातला एक पोलाद कारखाना कामगार-तंट्यामुळे ऑगस्ट १९८६ पासून सप्टेंबर १९८७ पर्यंत बंद होता. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत छातीच्या विकारांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळातल्या हिवाळ्याच्या दुपटी-तिपटीने होती. कॅलिफोर्नियातही पुढच्या वर्षांत हवा सुधारत गेली, तशी नंतरच्या मुलांची फुप्फुसे अधिक वाढली. पंधराव्या वर्षी ताकद कमी असणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, असे २०१५ साली दिसले. ब्रिटनने १९५६ साली कायदा करून घरोघरच्या कोळशाच्या धुराला आळा घातला. कारखाने बंद पाडावेत असा याचा अर्थ नाही. कामगाराची चूल पेटती राहिलीच पाहिजे. पण धुराड्याला गाळणी बसवण्याचा खर्च आणि कामगाराच्या पोराची छाती यांत स्वस्त काय आणि महाग काय, हे ठरवताना पोराची छाती हिशेबाच्या वहीत नुसती समासात लिहून चालणार नाही.

समाजाची पारख तो आपल्या दुबळ्यांना कसे वागवतो यावरून होते, असे आपण भाषणांत नेहमी म्हणतो. हवेच्या बाबतीत दुबळा कोण हे शोधायला दूर जावे लागत नाही. आपण प्रत्येक जण एकदा तो होतो, आणि जगलो-वाचलो तर पुन्हा एकदा होणार आहोत.